तेल पाजलेली होडी

रंग काही केल्या बसेना. सुभाषने गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून अस्तराचा दुसरा फवारा मारला, तसा राखाडी रंग होडीच्या कडेवरून मागे सरकला आणि थेंब थेंब होऊन गोळा झाला. मधे माशाच्या डोळ्याएवढी गोल भोकं पडली. होडी वीतभर लांब, करड्या प्लॅस्टिकची, वाशीच्या दुकानातून सुट्या भागांचा खोका आणून घरी जोडलेली. एक वाजला होता. चारला बहीण जमुना गाडी घेऊन येणार होती आणि आईला उरणला नेणार होती, कायमची.

त्याआधी ही होडी आईच्या हातात पडायला हवी होती.

तीन वर्षांपूर्वी त्याने वारलेल्या बापाची लाकडी होडी विकली, तीही आई जमुनाच्या बाळंतपणाला गेली असताना. आई परत आली, रिकामा किनारा बघून आली आणि त्या दिवसापासून पोराशी बोलायची बंद झाली. जेवण वाढलं तरी सुनेला म्हणायची, "भावना, त्याला सांग." घर जुईनगरचं, खोल्या दोन, आणि अबोला मात्र समुद्राएवढा. माफी मागायला सुभाषची जीभ कधी रेटली नाही.

मग तो होडी जोडायला बसला. तळोजाच्या कंपनीत एकवीस वर्षं खोकी बांधलेला माणूस, नाजूक कामाशी त्याचा संबंध तो काय! तरी महिनाभर व्हिडिओ बघून त्याने एकेक भाग चौकटीतून कापला, पॉलिश पेपरने घासला, गोंद काडीच्या टोकाने लावला. त्याआधी सगळे भाग भांड्याच्या साबणाने धुतले, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही, असं व्हिडिओवाल्याने तीनतीनदा बजावलं होतं.

त्याने ओली होडी नाकाशी नेली. खोबरेल!

"भावना, होडीला हात कोनी लावला?"

भावना स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने सासूकडे पाहिलं. राजाबाई बांधलेल्या पिशवीशेजारी भिंतीला टेकून बसली होती.

सुभाषचं डोकं फिरलं. "आये, महिनाभराची मेहनत हाय माजी! जाताजाता सूड घेतलास? मनात व्हतं तर फोडून टाकायची सरळ!"

राजाबाईने मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"कोरीच रंगवनार व्हतास? तुजा बापूस दोन दिस त्याल पाजल्याबिगार होडीला ब्रश लावत नवता. तू इसरलास. मंग मी पाजलं, सकाली, तू आंगोलीला गेल्यावर."

सुभाष मोरीत गेला, बादलीत साबण कालवला, फेस केला. धुऊन, वाळवून, पातळ हात दिला तर चारपर्यंत बापाच्या होडीसारखा निळा रंग आणि खालचा लाल पट्टा होण्यासारखा होता. होडी पाण्यावर धरली आणि त्याचा हात थांबला. आईने तिला खरी होडी मानलं होतं. ते धुवायचं कसं? त्याला एकदम रडू आलं. हुंदका बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्याने नळ सोडून ठेवला.

बाहेर येऊन त्याने न धरलेला रंग फडक्याने पुसला, आणि जिथे तेल निघालं होतं तिथे खोबरेलाचं बोट फिरवलं.

चारला जमुनाची गाडी आली. राजाबाई पुढच्या सीटवर बसली. सुभाषने करडी, बिनरंगाची होडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती फिरवून टोक रस्त्याकडे केलं.

"रंग ऱ्हायला," ती म्हणाली.

"तेलावर टिकत नाय, आये."

"मुरू दे मंग. नारली पुनवेला उरनला ये. ब्रश घेऊन ये, सुबास."

प्लॅस्टिकमध्ये तेल कधीच मुरत नाही, हे त्याला आता चांगलं ठाऊक होतं.

"येतो," तो म्हणाला, आणि गाडीचं दार हळूच लावलं.