उशाची माती

जमिनीवरचं सगळं काढून टाकायचं, हे गार्नेट साइझमोरचं काम होतं. हिवाळ्यात पानं झडली की वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांवरून विमान लेझरचे किरण सोडत जाई, आणि परत आलेल्या कोट्यवधी ठिपक्यांतून झाडं, घरं, पूल, खांब वजा करत करत चार्ल्सटनमधल्या त्या ऑफिसात साऱ्या राज्याची नुसती उघडी जमीन संगणकावर उभी केली जाई. बहुतेक वजाबाकी संगणकच करी. ही जमीन की जमिनीवर पडलेलं काही, असा त्याला संशय आला, की तो तिथे लाल चौकोन आखून माणसाला विचारी. असे लाल चौकोन निकालात काढण्यात गार्नेटचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी आलेला चौकोन तिने क्रमांक न वाचताच ओळखला. डोंगराची ती सोंड तिच्या घरच्यांची होती. सोंडेच्या टोकाला लहान लहान उंचवट्यांची एक रांग होती, आणि शेवटचा उंचवटा एका बाजूला जरा अधिक उचललेला होता. ती तिच्या वडिलांची कबर. त्यांची हयात खाणीत गेली होती. कोळशाची धूळ छातीत बसल्यावर त्यांना आडवं होता येईना, आणि शेवटची वर्षं ते उशांना टेकून, बसूनच झोपले. म्हणून दर मे महिन्यात कबरींवर माती चढवताना आई त्यांच्या उशाकडची माती उंच रचत असे.

‘जमीन’ म्हणावं, तर चौकोन फेरतपासणीला जाणार, कारण लिहावं लागणार. आणि पलीकडच्या टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक तिच्यासाठी खोळंबला होता. पालापाचोळ्याचे ढीग, असं ठरवून तिने ती रांग पुसली. पडद्यावरची सोंड इस्त्री फिरवल्यासारखी सपाट झाली. केक बरा होता.

मे महिन्यात, कबरी सजवायच्या रविवारी सगळे कुदळी-फावडी घेऊन वर गेले. आईचा भाऊ डॉइल मामा तिला माती ओढताना बघून म्हणाला, “कॉम्प्युटरसमोर बसून हात लोण्याचे झालेत बघ हिचे! अगं, फावडं आहे ते, चमचा नव्हे.”

“मग तू ये ना माझ्या खुर्चीत, मामा. डुलकी तरी हक्काची मिळेल.”

“घोरलो तर पगार कापतील गं!”

माती रचून झाली, कापडी फुलं खोचून झाली, आणि ओकच्या झाडाखाली तळलेली कोंबडी नि मक्याची भाकरी खाऊन सगळे कबरींपाशी परतले, तेव्हा सगळी रांग सपाट होती. माती आजूबाजूला विखुरली नव्हती. फुलं जशीच्या तशी उभी होती, फक्त त्यांच्याखाली उंचवटा नव्हता.

“उंदरांनी पोखरलंय,” मामा म्हणाला, आणि त्यांनी पुन्हा माती चढवली. कॉफी पिऊन होईपर्यंत ती पुन्हा बसली. या खेपेला मामाने फावडं खाली ठेवलं.

“त्यांना असं सपाट चालत नाही,” आई म्हणाली. आजाऱ्याच्या डोक्याखालची उशी कुणी काढून नेल्यावर लागावा, तसा तिचा स्वर होता. “जीव घुसमटतो त्यांचा. कुणी केलं हे?”

“आई, मी...” गार्नेट म्हणाली, आणि मग म्हणाली, “मातीच भुसभुशीत असेल.”

सोमवारी तिने तो चौकोन परत मागितला. तिचा वरिष्ठ प्रेंटिस हसला. “वीतभर मातीसाठी? अगं बाई, साऱ्या राज्याचा नकाशा सांधून झाला. त्यावर आता रस्तेवाले कामाला लागलेत.”

“माझी चूक आहे ती.”

“मग मोठी तरी करायचीस! एवढीशी कुणाला दिसणारे? पुढच्या उड्डाणात बघू.”

“कधी आहे ते?”

“आपण दोघं निवृत्त झाल्यावर.”

शनिवारी सकाळी ती आईकडे गेली. वाटभर तिने वाक्यं जुळवली होती. घराला कुलूप नव्हतं, पण आई घरात नव्हती. ती वर होती, कबरीपासून थोडी दूर घडीच्या खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून बसलेली. वडिलांच्या सपाट झालेल्या कबरीवर उशाच्या जागी तिने त्यांचीच जुनी उशी आणून ठेवली होती, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या अभ्र्यातली.

उशीच्या मधोमध डोक्याएवढा खळगा पडला होता.

“आई, तुला काही सांगायचंय,” म्हणत गार्नेट वाकली, आणि बोलता बोलता तिचा हात सवयीने तो खळगा सारखा करायला पुढे गेला.

आईने तिचं मनगट धरलं.

“हळू बोल,” ती कुजबुजली. “आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा.”