हलक्या फळ्या

मिस्त्रीला आठ गिटारींपुरतं लाकूड हवं होतं आणि ते स्वस्तात हवं होतं. या दोन गोष्टी एका जागी सापडत नाहीत, हे कळायला त्याला दोन महिने पाय झिजवावे लागले.

वाद्यांच्या दुकानदाराने ऑर्डर देतानाच भाव बांधून टाकला होता. आठ इलेक्ट्रिक गिटारी, शाळा-कॉलेजं उघडायच्या आत. "पसंत पडल्या तर दर वर्षी तुमच्याकडूनच घेईन," तो म्हणाला होता. "नाहीतर कारखान्याचा माल आहेच. तो मला घरपोच मिळतो." मिस्त्री अठ्ठावन्न वर्षांचा. ही ऑर्डर हातची गेली तर कामाची खोली सोडायची आणि म्हातारपणी कुणाच्या तरी हाताखाली दारं-खिडक्या ठोकायच्या, एवढंच पुढे होतं.

नेकपुरतं, म्हणजे गिटारीच्या दांडीपुरतं, कडक लाकूड त्याच्याकडे जुनं पडून होतं. अडलं होतं बॉडीचं. बॉडीची फळी सुकी हवी, रुंद हवी आणि मुख्य म्हणजे हलकी हवी, कारण वाजवणाऱ्याच्या खांद्याला ती तीन-तीन तास लटकते. बाहेरदेशी लाकूड विकणाऱ्याने भाव सांगितला तेव्हा मिस्त्रीने फळीवरचा हात असा काढला की जणू चटका बसला. खोक्याच्या फळ्या बघितल्या, त्यांत गाठीच गाठी. जुन्या बाजारातून एक कपाट ओढत आणलं. ते वरून लाकूड, आतून दाबलेला भुसा निघालं.

"आता घरात माझा भाजी चिरायचा पाट तेवढा राहिलाय," बायको म्हणाली. "तोही बघा हातावर तोलून."

बायको त्याच्या कामात बरोबरीची होती. रंग आणि लॅकर तिचं. तिच्या हाताला जी चकाकी येई, ती मिस्त्रीला सात जन्मांत आली नसती, आणि हे तो कबूलही करी. शेवटी तिनेच ते नाव काढलं.

"भाऊजींची वखार आहे की. जुन्या गोदामाचा माल उतरलाय म्हणे परवा."

धाकट्या भावाच्या वखारीची पायरी मिस्त्री अकरा वर्षांत चढला नव्हता. बापाच्या माघारी वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्याने वखार घेतली, याने हत्यारं. भांडण त्यावरून झालंच नव्हतं. पहिली गिटार विकली गेली त्या दिवशी चार लोकांत कुणीतरी विचारलं, धाकटा काय करतो? "तो? सरपण विकतो," मिस्त्री हसून म्हणाला होता. धाकटा त्याच्या मागेच उभा होता.

तरी गेला. नाक मुठीत धरून गेला.

धाकटा खुर्चीत चहा पीत बसला होता. उठला नाही, पण जा असंही म्हणाला नाही. "ये दादा. वाट चुकलास?"

"बॉडीला लाकूड हवंय. हलकं."

"तो ढीग आहे. गोदामाच्या माळ्याच्या फळ्या. साठ-सत्तर वर्षांच्या असतील. सगळ्यांचा एकच भाव, हव्या त्या काढ. फक्त एक, निवडलेला माल मी परत घेत नाही."

भाव ऐकून मिस्त्रीला आपल्या कानांवर विश्वास बसेना. एकाच जातीच्या, एकाच जाडीच्या फळ्या, दोन्ही अंगांना ऑइलपेंटचे जाड थर. तो एकेक फळी मधोमध तळहातावर घेई, डोळे मिटून किंचित वर-खाली करी आणि ठरवी. या हाताचा त्याला गर्व होता. जड लागली की "हं, ही नको" म्हणून बाजूला टाकी. टाकताना जरा जोरातच टाकी. धाकटा कपाच्या कडेवरून बघत होता. अर्ध्या तासात एक जादा धरून नऊ फळ्या निघाल्या, एकीपेक्षा एक हलकी, पिसासारख्या.

"झालं मनासारखं?" धाकट्याने विचारलं.

"माल बरा आहे तुझा," मिस्त्री म्हणाला. अकरा वर्षांत भावाशी बोललेलं तेवढंच एक गोड वाक्य.

पुढचे पाच आठवडे घरात सण असल्यासारखे गेले. रंधा मारताना दोन-चार बारीक भोकं दिसली, टाचणीच्या टोकाएवढी. बायकोने बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

"जुनी भोकं. किडा केव्हाच मेला. एवढ्या वर्षांच्या लाकडात काही राहतं का?" त्याने भोकं भरली, घासली आणि विसरला. बायकोने सहा हात लॅकर दिलं. आठ गिटारी खोलीत तारेला ओळीने लटकल्या तेव्हा शेजारचा कुलूपवाला नुसता बघायला म्हणून आला आणि पाऊण तास उभा राहिला.

मग खाली भुकटी पडायला लागली. पिठासारखी, पिवळसर, चिमूट चिमूट. बायकोने दोनदा झाडून काढली. घासकामाची धूळ असेल म्हणाली. तिसऱ्यांदा तिने प्रत्येक गिटारीखाली वर्तमानपत्राचा एकेक कागद अंथरला. सकाळी सहा कागदांवर चिमूटभर भुकटी होती, दोन कोरे. पांढऱ्या गिटारीच्या चकाकत्या पोटावर एक गोल भोक पडलं होतं आणि भोकाच्या तोंडाशी तपकिरी भुंगा बसला होता, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, सहा हात लॅकर फोडून बाहेर आलेला.

मिस्त्री तडक वखारीत गेला. "तुला माहीत होतं."

"काय?"

"किडलेल्या फळ्या होत्या त्या!"

"सगळ्या नव्हत्या." धाकट्याने लाकूड मोजायची पट्टी खाली ठेवली. "दादा, एकच झाड, एकच जाडी. एक फळी जड, एक हलकी. मग हलकीतलं गेलं कुठे? माझ्या हमालालाही विचार. हलकी फळी हातात आली की तो न विचारता चुलीच्या ढिगात टाकतो."

"मग बोलला का नाहीस?"

"पहिली काढलीस तेव्हा वाटलं, चुकून. तिसरीला कळलं." "बोलणारही होतो. पण तू चांगल्या फळ्या अशा फेकत होतास की वाटलं, आपण सरपण विकणारे. कलावंताला आपण काय शिकवायचं?"

मिस्त्री जायला वळला.

"तुझा हात मात्र पक्का आहे," धाकटा म्हणाला. "ढिगातल्या किडलेल्या तेवढ्या नेमक्या काढल्यास. माझ्याकडे ये रोज. माल आला की तू निवडायचं आणि तुझी निवड आम्ही जाळायची."

मागे फळ्या रचत असलेला हमाल हसला. धाकट्याने त्याच्याकडे बघितलं तेव्हा गप्प झाला, पण हसून झालं होतं.

घरी बायकोने आपल्या परीने वाट काढली होती. "ज्या दोन कागदांवर काही नाही त्या दोन वेगळ्या ठेवू. दुकानदाराला खरं सांगू. दोन तरी दाखवू. बाकीच्यांसाठी मुदत मागू."

"आत किडा असेल. वर्षभर गप्प बसतो तो."

"असेल किंवा नसेल. पंधरा दिवस थांबून बघायला काय जातं? ऑर्डरला अजून वीस दिवस आहेत."

"त्या दोन विकल्या आणि पुढे भुंगे निघाले तर? त्याच्या दुकानात भिंतभर लाकडाची वाद्यं आहेत."

हे खरंच होतं. पण मिस्त्रीच्या डोक्यात दुकानाची भिंत नव्हती, हमालाचं हसणं होतं. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली तेव्हा त्याने आठही गिटारींचे नेक सोडवले, आवाज पकडणारे पिकअप आणि तारा काढून डब्यात ठेवल्या आणि बॉड्या हातगाडीवर घालून वखारीत नेल्या.

"करवत चालू कर," तो धाकट्याला म्हणाला. "तुझ्या डोळ्यांदेखत कापतो. बघून घे पोटभर."

"एकच काप. तेवढ्याने कळेल."

"आठही."

मोठी करवत सुरू झाली. पांढरी बॉडी मधून उभी फाटली आणि आतून भुकटी अशी सांडली की जणू पोतं फुटलं. दुसरी तशीच. तिसरीत तर बोट घातलं की आत जाई. हमाल जवळ येऊन उभा होता, आता हसत नव्हता. चौथी झाल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, बास. जे बोललो ते बोललो. बास कर."

मिस्त्रीने पाचवी लोटली. करवतीचा आवाज बदलला. त्याच्या कानांना तो कळला, पण हात थांबले नाहीत. दोन तुकडे बाजूला पडले, स्वच्छ, सरळ रेषांचे, मधाच्या रंगाचे. एक भोक नाही. जुन्या सुक्या लाकडाचा वास सुटला.

धाकट्याने करवत बंद केली. "ही चांगली होती."

"चालू कर."

"अरे, उरलेल्या तीन तरी ठेव. महिनाभर माझ्याकडे राहू दे, बघू काय निघतं."

मिस्त्रीने त्याला बाजूला सारून बटण दाबलं. सहावी किडलेली, सातवी किडलेली. आठवी निळी होती, बायकोने जिच्यावर सगळ्यात जास्त दिवस घालवले होते. ती मधोमध कापली गेली आणि तिच्यातही काही नव्हतं. लाकडाशिवाय काही नव्हतं.

धाकटा वाकला, निळ्या बॉडीचे दोन भाग एकमेकांना लावून बघू लागला. करवतीच्या जाडीएवढी फट राहत होती.

"डिंकाने जोडता येईल," तो म्हणाला. "मी चांगल्या फळ्या देतो. त्या जड आहेत, पण मागून पोकळ करता येतील. पैसे नकोत."

पैसे नकोत हे ऐकल्यावर मिस्त्रीने हातगाडी वळवली.

घरी पोचला तेव्हा बायको उंबऱ्यातच उभी होती. रिकामी गाडी बघून तिने सगळं ओळखलं. तिच्या नखांत अजून निळा रंग होता.

"सगळ्या कापल्यात?"

"हो."

"किडा सगळ्यांत होता?"

मिस्त्री चपला काढत राहिला. एक चप्पल निघाली, दुसरीचा पट्टा हाताला सापडेना.

"सगळ्यांत," तो म्हणाला.

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.