साइटवरचे चांगदेव साहेब

मोबाइलच्या दुकानात काउंटरमागे बसलेल्या दिशाने डाव्या कानातलं काढलं आणि त्याची दांडी पायलच्या मोबाइलच्या कडेवरच्या बारीक भोकात दाबली. खाच उघडली. आतलं सिम इतकं जुनं होतं, की पाठीवरचे आकडे घासून निम्मेच उरले होते. ते तिने दिव्याखाली तिरपं धरून वाचले, सिम परत सरकवलं आणि कानातलं घातलं.

"काका, तुमच्या फॅमिली प्लॅनमध्ये तीन नंबर आहेत. तुमचा, काकूंचा आणि हा. हा एक्स्ट्रा बंद करायचाय ना?"

"लाईन प्लॅनमधून काढायची," काकांची मुलगी पायल म्हणाली. "नंबर तोच ठेवून माझ्या नावावर करायचाय."

"होईल मॅडम. पण आत्ता तो काकांच्या नावावर आहे. त्यांनी हो म्हणायला हवं. आणि तुमच्या आधारची झेरॉक्स लागेल."

दोघी चांगदेवांकडे बघू लागल्या. त्यांनी शर्टाच्या बाहीने चष्मा पुसायला घेतला.

"झेरॉक्स शेजारीच आहे. घेऊन ये तू आधी," ते म्हणाले.

वर्तकनगरच्या या दुकानात यायचं दिवाळीपासून ठरत होतं. कधी त्यांचे गुडघे दुखत, कधी आधार सापडत नसे. पायल अकरावीत असताना त्यांनी हा नंबर स्वतःच्या नावावर घेतला होता. आता ती इंजिनिअर होती. पुलाच्या, इमारतीच्या पायाखालची जमीन भार सोसेल की नाही, हे तिने तपासून सांगायचं. पण तिने कोणाला फोन केला, की समोरच्याच्या स्क्रीनवर नाव उमटे 'चांगदेव साळवे'. साइटवरच्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं, की मॅडमच्या वर कोणी साहेब आहेत आणि हा फोन त्यांचा. पायलने कितीदा तरी सांगून पाहिलं. लोक हसून 'हो मॅडम' म्हणत आणि तिच्या रिपोर्टवर साहेबांची सही मागत.

चांगदेवांनी वागळे इस्टेटमधल्या कंपनीत उभा जन्म लेथ मशीन चालवलं. तिथे त्यांना सगळे 'ए साळवे' म्हणत. साहेबांची ही गोष्ट घरी कळल्यापासून त्यांच्या पत्नी केशरबाई चहाचा कप पुढे करताना म्हणायच्या, "घ्या साहेब. बिस्कीट खायला वेळ आहे, का मीटिंग आहे?" ते रागावल्यासारखं करत. चहा संपेपर्यंत चेहऱ्यावर मात्र हसू रेंगाळत राही.

काउंटरवर राहिलेला पायलचा फोन वाजला. स्क्रीनवर 'कमलेश, शीळफाटा साइट' असं आलं. चांगदेवांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"हॅलो?"

"अरे वा, साहेब! बरं झालं तुम्हीच उचललात. मॅडम सकाळी येऊन गेल्या ना, काम अडवून ठेवलंय त्यांनी. म्हणे खड्ड्यातली माती ओली आहे, काँक्रीट टाकायचं नाही. इथे काँक्रीटची गाडी उभी आहे साहेब. तुम्ही जरा समजवा ना त्यांना."

चांगदेवांची पाठ आपोआप ताठ झाली.

"मॅडम नाही म्हणाल्या ना?"

"हो, पण साहेब..."

"मग नाही. गाडी परत पाठव."

"ओके साहेब. तुम्ही बोललात, विषय संपला."

त्यांनी फोन ठेवला. मागे पायल उभी होती, हातात झेरॉक्स.

"कमलेश होता," ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "थांबवलं काम. एका वाक्यात! मी म्हटलं, मॅडम नाही म्हणाल्या म्हणजे..."

"मी त्याला सकाळपासून तेच सांगतेय, पप्पा."

तिच्या आवाजात राग नव्हता. "माती हातात घेऊन दाखवली. मुठीत दाबली की पाणी सुटत होतं. म्हणाला, साहेबांना विचारतो."

दुकानाच्या पांढऱ्या फरशीवर दारापासून काउंटरपर्यंत पायलच्या बुटांचे ठसे उमटले होते. शीळफाट्याची काळी माती. बुटांच्या कडांना वाळून ती अजून चिकटलेली होती. साइटवरून ती घरीही न जाता थेट इथे आली होती. चांगदेवांनी त्या ठशांकडे पाहिलं. मग बाजूची खुर्ची ओढून त्यांनी तिच्यापुढे केली.

"बस तू."

"पप्पा, राहू दे. तुम्हाला नको असेल तर परत कधीतरी..."

"बस म्हटलं ना."

ती बसली. ते उभेच राहिले.

"काका, मग काय करू?" दिशाने विचारलं.

"ही लाईन माझ्या प्लॅनमधून काढा," चांगदेव म्हणाले. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा त्यांचा आवाज होता. "आणि नंबर हिच्या नावावर करा. लिहा, इंजिनिअर पायल चांगदेव साळवे."