साडूभाऊंचा कार्ब्युरेटर

धाकट्या साडूंनी गॅरेजमधल्या नव्याकोऱ्या टाकीचं झाकण उघडलं आणि पेट्रोल, साबणाचं पाणी, रॉकेल आणि कॉस्टिक सोडा असे चार डबे थोरल्या साडूंपुढे मांडले.

"दादा, पार्ट धुवायला यात काय ओतू? तुम्ही म्हणाल ते."

थोरल्यांनी चष्मा पुसला. कोपऱ्यात सासऱ्यांची मोटारसायकल उभी होती. सासरे असेपर्यंत दर रविवारी तिच्याखाली आडवे व्हायचे ते थोरले. "ही तुमचीच हो," असं सासरे म्हणायचेही. सासरे गेले, आणि पाहुणे पांगायच्या आत धाकट्यांनी डोळ्यांना रुमाल लावून 'आठवण म्हणून' ती मागून घेतली. रुमाल कोरडाच होता.

पेट्रोल सांगावं, असं थोरल्यांना क्षणभर वाटलं. पण गॅरेज पेटलं असतं तर धाकट्यांची मंडळी मुक्कामाला थोरल्यांच्याच घरी आली असती. साबणाच्या पाण्यानं कुणाचंच वाकडं होत नाही. रॉकेल उत्तम, म्हणूनच ते सांगण्यात अर्थ नव्हता. राहिलं कॉस्टिक. ते लोखंडाला काही करत नाही, ॲल्युमिनियम मात्र खातं. आणि मोटारसायकलचा कार्ब्युरेटर ॲल्युमिनियमचा.

"कॉस्टिक," थोरले म्हणाले. "गरम पाण्यात. कार्ब्युरेटर दोन दिवस बुडवून ठेवा. तोंड दिसेल त्यात."

"नक्की ना?"

"भरवसा नसेल तर राहू द्या."

"छे हो. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय?"



धाकट्यांनी फडक्यातून कार्ब्युरेटर काढला आणि थोरल्यांच्या तळहातावर ठेवला.

"मग पहिला मान तुमचा. तुमच्या हातानंच बुडवा."

थोरल्यांचा अंगठा आपसूक त्याच्या झाकणावरून फिरला. तिथला एक स्क्रू किंचित तिरका होता, त्यांनीच बसवलेला. मग त्यांनी रॉकेलचा डबा उचलला आणि टाकीत ओतला.

"दादा, हे तर रॉकेल."

"आधी रॉकेलच. एकदम कॉस्टिक त्याला सोसत नाही."

धाकट्यांनी समजल्यासारखी मान डोलावली. थोरल्यांनी ब्रशनं कानाकोपरा घासला, बारीक भोकं उजेडाकडे धरून पाहिली, फुंकर मारली. कार्ब्युरेटर लख्ख झाला. त्यांनी तो फडक्यात गुंडाळला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

"हा कुठे निघाला?"

"वाळायला. आमच्या गच्चीवर ऊन चांगलं येतं."

"इथेच वाळेल की."

"वरवर वाळेल. रॉकेल आतून सुटायला वेळ लागतो. ओला बसवलात तर इंजिन बसेल."

धाकट्यांनी मोटारसायकलकडे काळजीनं पाहिलं.

"मग न्या बाबा. पण किती दिवस?"

"ते हवेवर आहे."

भर उन्हाळ्यात धाकट्यांचा पुन्हा फोन आला.

"दादा, वाळला का हो?"

थोरल्यांनी बैठकीच्या खोलीतलं काचेचं कपाट उघडलं, कार्ब्युरेटरवरची धूळ हलकेच टिपली आणि कपाट लावून घेतलं.

"बाहेरून वाळलाय," ते म्हणाले.