तोकडी माळ

दसऱ्याला आपल्याकडे काय काय पुजलं जात नाही! विल्होळीच्या पुढे हायवेला लागून असलेल्या त्या गोदामात फोर्कलिफ्टपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागलं. कुणीतरी उत्साहाच्या भरात स्कॅनरच्या काचेलाच कुंकू फासलं, मग तो काही केल्या वाचेना, आणि पुसता पुसता सगळे पोट धरून हसले. पूजेचा हा सगळा थाट वाल्मीकचा. वाल्मीक तिथला शिफ्ट सुपरवायझर, मूळचा येवल्याचा. एकदा मनावर घेतलं की हात आखडता घेणं त्याला ठाऊक नव्हतं. मॅनेजरची खुर्ची रिकामी होती आणि दिवाळीनंतर तिथे वाल्मीकच बसणार, असं सगळे धरून चालले होते. तोही.

झेंडूच्या माळा सावळीरामकाकांच्या घरून आल्या होत्या. काका गेटवरचे वॉचमन, एजन्सीकडून आलेले, राहायला घोटीजवळच्या वाडीत. त्यांची बायको विमलाबाई दर सणाला गोदामासाठी माळा ओवून पाठवायची. दारं झाली, गाड्या झाल्या, तरी एक माळ उरली. तेव्हा वाल्मीकला मागच्या डॉकवरचा, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्यावरचा, कॅमेरा आठवला.

“वर्षभर डोळ्यांत तेल घालून बघतो बिचारा. त्याला नको का?” असं म्हणत तो शिडीवर चढला. काकांनी खालून शिडी धरली. वाल्मीकनं कॅमेऱ्याला माळेचे वेढे घातले, उरलेला झुपका समोरून सोडला आणि भक्तिभावानं हात जोडले. खालून टाळ्या पडल्या.

कॅमेऱ्याचा पडदा वाल्मीकच्या केबिनमध्ये होता. मागच्या डॉकच्या चौकोनात आता नुसता झेंडू दिसत होता. डिस्पॅचच्या रोहिणीनं ते त्याच दिवशी पाहिलं.

“सर, मागचा कॅमेरा फुलंच बघतोय. माळ वर सरकवू का?”

“अगं, देवाची माळ आहे, लगेच कशाला हात लावायचा? सुकली की पडेल. आणि मागच्या बाजूला जातंय कोण!”

गोदामांचं हे असंच असतं. पुढच्या दाराला दोन माणसं, लोखंडी फाटक आणि येणाऱ्याची झडती; मागचं दार देवाच्या भरवशावर. त्या वर्षी तर देवाचे डोळेही बांधलेले. दिवाळीच्या मालाची झुंबड उडाली, गाड्यांची रीघ लागली, मागचं शटर जेवणाच्या सुट्टीतही अर्धं उघडं राहू लागलं. आणि एक दिवस मोजदाद करताना मिक्सरच्या खोक्यांची अख्खी थप्पी गायब निघाली. भरदिवसा कुणीतरी गाडी लावून, आरामात, खोकी उचलून नेली होती.

पुण्याहून कंपनीच्या सुरक्षा विभागाच्या निकिता मॅडम आल्या. वाल्मीकच्याच केबिनमध्ये सगळ्यांना बोलावून त्यांनी मागच्या डॉकचं रेकॉर्डिंग लावलं. आठवड्याभराचंच जपलेलं होतं. दसऱ्याचा दिवस केव्हाच पुसला गेला होता. पडद्यावर झेंडू होता. मॅडमनी पुढे पळवलं, तरी झेंडूच. नारिंगी फुलं हळूहळू तपकिरी होत गेली, पाकळ्या आक्रसल्या, त्यांच्यामागून मधूनच एखादी सावली हलली. चोर तेवढा दिसला नाही. कुणालातरी हसू फुटलं आणि लगेच विझलं.

“ही माळ कोणी लावली?” मॅडमनी विचारलं.

मी लावली, एवढंच वाल्मीकला म्हणायचं होतं. पण डोळ्यांसमोर मॅनेजरची ती खुर्ची होती आणि त्या क्षणी तिच्यापुढे त्याला दुसरं काही दिसेना. रोहिणीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दसऱ्याला टाळ्या वाजवणारे सगळेच आता फरशी न्याहाळत होते. उद्याच्या मॅनेजरशी वैर कोण घेणार?

शेवटी काकाच पुढे आले. “माळ आमच्या घरची हाय, मॅडम. मंडळींनी जरा लांब ओवली, घसरून डोळ्याव आली आसंल. मी गेटवर आसतो, पण फेरी मारताना मलाच दिसाया पायजे होती.”

काकांना खरंच तसं वाटत होतं, हेच तर वाईट. पडद्याशी त्यांचा संबंध नव्हता, शिडीखालून वरचे वेढे दिसले नव्हते. वाल्मीकला सगळं ठाऊक होतं आणि तो मूग गिळून उभा राहिला. पडद्यावर लक्ष कोणाचं, ते मॅडमनी विचारलंच नाही; एजन्सीला फोन लावून काकांना काढायला सांगितलं. संध्याकाळी काकांनी गणवेशाची टोपी जमा केली आणि जाता जाता वाल्मीकलाच धीर दिला, “बरं झालं साहेब, भात सोंगायला आलंच व्हतं, कापनीला मी घरी ऱ्हाईन.”

त्यानंतर वाल्मीकला कशात गोडी वाटेना. मागच्या डॉकवर तो दिवसातून कितीदा तरी चक्कर मारायचा, नुसता कॅमेऱ्याच्या आता स्वच्छ झालेल्या काचेकडे बघून परत यायचा. घरी त्याची मुलगी सायली आकाशकंदील करत होती. नारिंगी कागद बघितल्यावर तो खेकसला, “दुसरा रंग नाही मिळाला?” पोरगी बावरली. त्याला स्वतःची शरम वाटली. काकांना फोन करावा, असं रोज ठरवायचा. आधी कामाची गडबड आडवी यायची, मग जेवण, मग झोप. खरं तर काहीही आडवं येत नव्हतं. तो भित्रा होता आणि ते त्याला कळत होतं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी गेटवरचा नवा वॉचमन सनी सांगत आला, “सर, एक बाई आल्यात. फुलं आणलीत म्हणतात. आत सोडू का?”

वाल्मीक स्वतःच गेटवर गेला. फाटकाबाहेर विमलाबाई उभी होती, घोटीहून जीपनं आलेली, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली माळ.

“सणाला खंड नको म्हणून आणली, साहेब,” ती म्हणाली. “या टायमाला तोकडी ओवली. दारालाबी पुरायची नाय, पण कुनाच्या डोळ्याव येनार नाय.”

वाल्मीकनं माळ हातात घेतली. खरंच हातभर होती.

“माझ्यामुळं तुमचं लय नुकसान झालं,” ती खाली बघत म्हणाली. “आमचे ह्ये रोज बोलत्यात. जेवाया बसलं की त्येच. तुझ्या माळेनं नोकरी खाल्ली म्हनून. त्यांचंबी खरंच हाय म्हना. माझाच हात जरा सढळ.”

आतापर्यंत वाल्मीकला वाटत होतं, आपण एका माणसाची नोकरी घालवली. काकांच्या घरी काय चालू असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या वाडीतल्या घरात, रोजच्या ताटावर, त्याची चूक ही बाई गिळत होती.

“मावशी, माळ घसरली नव्हती,” तो म्हणाला. “मीच बांधली तशी. कॅमेऱ्याच्या तोंडावरच. पडद्यावर दिसत होतं मला. रोहिणी सरकवते म्हणाली, तर मीच नको म्हटलं.”

विमलाबाईनं मान वर केली. मागून एक ट्रक हॉर्न देत होता, सनी फाटक उघडायला धावला.

“मग त्या दिशी का नाय बोलले?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं साधं विचारलं. खुर्चीसाठी, असं या बाईच्या तोंडावर कसं सांगायचं?

“चुकलो मावशी. आत्ताच्या आत्ता मॅडमना फोन करतो. सगळं सांगतो.” त्यानं खिशातून मोबाइल काढला.

“मॅडमला मागनं करा.” तिनं त्याला थांबवलं. “आधी आमच्या मानसाला सांगा. म्या सांगितलं तर म्हनतील, सोताची कातडी वाचवायला बोलती. तुमच्या तोंडानं सांगा. माझ्या म्होरं.”

वाल्मीकनं नंबर लावला. तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात ती हातभर माळ. पलीकडे भात झोडल्याचा आवाज येत होता.

“बोला साहेब!” काका खुशीत होते. “पोचली का मंडळी? म्याच म्हनलं तिला, या टायमाला बेतानं ओव. बरोबर झाली ना माळ?”

विमलाबाईनं पदराचं टोक तोंडाशी धरलं.

“काका,” वाल्मीक म्हणाला, “दसऱ्याची माळही बरोबरच होती.”