खंडेनवमीला माझं झाकण निघायचं

मित्रांनो, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत बाळासोंच्या लेथच्या शेडमध्ये कोपऱ्यात बसून असलेला मी एक जुना संगणक आहे. पत्र्याचा डबा, मागे ठसठशीत स्क्रू आणि आवाज असा की पिठाच्या गिरणीने लाजावं. हसा खुशाल! पण मी आलो त्या दिवशी शेजारच्या शेडमधले कामगार हातातलं काम टाकून मला बघायला आले होते.

खंडेनवमीला शेडमधलं प्रत्येक यंत्र उघडायचं, आतला धुरळा काढायचा आणि मगच हळद-कुंकू लावायचं, असा बाळासोंचा नियम. लेथ, ड्रिल, ग्राइंडर आणि शेवटी मी. माझं झाकण निघालं की त्यांची छोटी लेक अंकिता ब्रश घेऊन पुढ्यात बसे. पंखा कुठला, मेमरीची पट्टी कुठली, हे ती माझ्या पोटात डोकावूनच शिकली. पंखा बिघडला, नवा बसवला. डिस्क कुरकुरली, ती बदलली. माझ्यात मूळचं किती उरलंय, ते मलाही सांगता येणार नाही. फार सुखाचे दिवस होते ते!

पुढे अंकिता इंजिनिअरिंगला इस्लामपूरला गेली आणि तिच्यासाठी लॅपटॉप आला. वहीसारखा पातळ. दप्तरात टाकून ती तो कुठेही नेई. मला जागचं हलवायचं म्हणजे दोन माणसं लागत, मग त्याच्यावर मी कोणत्या तोंडाने रुसू? माझ्यावर गोणपाट पडलं, एवढं मात्र खरं.

गेल्या खंडेनवमीला सुट्टीत घरी आलेली अंकिता झेंडू आणायला गेली होती. बाळासोंनी सगळी यंत्रं पुसली आणि मोठ्या मायेने लेकीचा लॅपटॉप पुढ्यात घेतला. स्क्रू सापडेनात. ते रबरी पायांखाली दडलेले, त्यांच्या डोक्यावर चांदणीसारखी खाच. बाळासोंनी ग्राइंडरवर घासून तसा स्क्रू ड्रायव्हर तयार केला. कसंबसं झाकण निघालं, तर आत बॅटरीही चिकटवलेली. त्यांनी ती उचकटली मात्र, फस्सकन धूर निघाला. त्यांनी वाळूची बादली ओतली. हात वाचले, लॅपटॉप गेला. त्यात अंकिताचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता आणि त्याची दुसरी प्रत तिने कुठेच ठेवली नव्हती.

“आवं आबा, खोललं कशाला तुमी?” अंकिताला रडू आवरेना.

“मशीन हाय न्हवं त्ये? धुरळा काढल्याबिगर पूजा कशी करायची, पोरी?”

सांगलीच्या दुरुस्तीवाल्याने मान हलवली. “मेमरी, डिस्क, समदं एकाच पाटीवर डाग देऊन बसवलेलं असतंय आता. सुटं काय निघत न्हाई. आन् ती पाटीच जळलीया.”

इतकं पातळ व्हायचं तर खाचा, कप्पे, स्क्रू यांना जागा कुठून उरणार? आणि आपल्याशिवाय दुसऱ्या कुणी तो उघडावा, असं बनवणाऱ्यांनाही वाटत नसावं.

अंकिताने माझ्यावरचं गोणपाट काढलं, नवी मेमरी बसवली आणि सगळं काम पहिल्यापासून सुरू केलं. मी रखडत होतो, ती चिडत होती, पण आमचं जमलं. बाळासो मात्र आमच्याकडे फिरकेनात. लांबूनच विचारायचे, “चाललंय न्हवं?” मला त्यांची फार दया यायची.

प्रोजेक्ट म्हणजे उसाच्या रानातली मोटर आपोआप बंद करणारी एक डबी होती. ती तयार झाल्यावर अंकिता बापापुढे जाऊन उभी राहिली.

“आबा, हिला भोकं पाडून स्क्रूचे आटे करून द्या. झाकण निघालं पायजे.”

“नगं गं. माझा हात नगं लागायला.”

“तुमीच करायचं. आन् आधी खोलून बघायचं बी तुमीच.”

बाळासोंनी हात धुतले, धोतराला पुसले आणि डबी उचलली. भोकं पाडून, आटे करून झाल्यावर त्यांनीच एकेक स्क्रू फिरवून झाकण काढलं.

मित्रांनो, उद्या तुम्ही यंत्रं बनवाल. ती उघडता येतील अशी बनवा. नाहीतर आपल्याच लेकीच्या वस्तूला हात लावायला बाप भिऊ लागतो.