मागच्या रस्त्याने

"एकच ओळ आहे. सही करा आणि आठवडाभर घरी झोपा," साहेब म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

ओळ अशी होती: चालकाच्या निष्काळजीपणामुळे विमान परवानगीशिवाय धावपट्टीच्या रेषेपुढे गेले.

खोटं काहीच नव्हतं त्यात. सव्वीस वर्षं मी टग चालवतोय. टग म्हणजे विमान ओढणारी बुटकी, रेड्यासारखी गाडी. प्रवासी उतरले की रिकामं विमान ओढत हँगरमध्ये न्यायचं, दुरुस्ती झाली की परत आणायचं. मधे धावपट्टी आडवी. आधी आखलेल्या रेषेवर थांबून टॉवरला विचारायचं, ते 'जा' म्हणाले की ओलांडायची. आमच्या सगळ्या टग मिळून दिवसाला अडतीस वेळा.

परवा टॉवरवरची मुलगी म्हणाली, "थांबा." मी रेडिओवर स्वच्छ बोललो, "थांबतो." आणि पाय दाबला! तोंड थांबतो म्हणतंय आणि पाय निघालाय. रोजची सवय हो, पायाला कान कुठे असतात? ओढल्या जाणाऱ्या विमानात ब्रेकवर एक माणूस बसवलेला असतो. बसल्याबसल्या मिरवत येतो म्हणून त्याला आम्ही जावईबापू म्हणतो. त्या जावईबापूंनी बोंब मारून ब्रेक दाबला. तोवर मी रेषेपुढे आठ पावलं गेलो होतो. समोरून उतरणारं विमान सणसणत गेलं. खिडक्यांची नुसती एक रेघ दिसली, पण त्या रेघेत दीडशे माणसं होती.

टॉवरला मीच सांगितलं, चूक माझी. आजही तेच म्हणतो.

"सही करतो," मी साहेबांना म्हटलं, "पण खाली आणखी एक ओळ लिहिणार."

"कसली?"

"धावपट्टीच्या टोकाला वळसा घालणारा मागचा रस्ता दोन वर्षं तयार पडलाय. तो वापरात असता तर मी त्या रेषेवर नसतोच."

साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नाही, पण वरून फोन आला की खुर्चीत आपोआप ताठ होतो. "अहो, एका खेपेला पंधरा मिनिटं जास्त लागतात त्या रस्त्याने. वर काय तोंड दाखवू? ती ओळ लिहिलीत की मोठी चौकशी लागणार. तुमचा विमानतळात फिरायचा पास आज पाचला जमा. तीन वर्षं राहिलीत तुमची. गोदामात खोकी उचलत काढणार?"

"काढीन."

"चूक करायची स्वतः आणि दोष द्यायचा रस्त्याला?"

हे मात्र डोक्यात गेलं. "दोष माझाच, साहेब! पण उद्या माझ्या जागी दुसरा बसेल. त्यालाही पाय आहे. मला घरी बसवून ते दिवसाचं अडतीस वेळा ओलांडणं कमी होणार आहे का? ते कमी करा की!"

ओळ लिहिली, सही ठोकली आणि बाहेर येऊन बायकोला फोन लावला. ओळ लिहायचं आमचं रात्रीच ठरलं होतं.

"टग गेली?" तिने विचारलं.

"गेली."

"रडलात?"

"छे."

"मग घरी येऊन रडा. आणि कोणी कितीही गोड बोललं तरी ती ओळ खोडू नका."

पाचच्या आत एक खेप बाकी होती. गंमत बघा, ज्याला निष्काळजी ठरवलं त्याच्याच गळ्यात शेवटचं विमान, कारण माणसं कमी! मी टग जोडली आणि टॉवरला म्हटलं, "हँगरकडे निघतोय. मागच्या रस्त्याने."

लगेच कंपनीच्या रेडिओवर साहेब कडाडले, "हे काय नवीन? नेहमीच्या वाटेने या! हँगरवाले ताटकळलेत."

"ताटकळू देत," मी म्हणालो.

टॉवरवरची मुलगी म्हणाली, "या मागच्या रस्त्याने. वाट मोकळी आहे." आणि मग, नियमात नसलेलं, हळूच, "बरं केलंत, काका."

टोकाला वळताना एक विमान आमच्या बाजूला उतरून धावत गेलं. आम्हाला कुणासाठी थांबायचं नव्हतं, कुणाला विचारायचं नव्हतं. "असंच जायचं असेल तर मी डुलकी काढतो," जावईबापू हेडफोनमधून कानात म्हणाले. मला हसू आलं. सव्वीस वर्षांत इतक्या निवांतपणे मी विमान कधी नेलं नव्हतं.

एकोणीस मिनिटं लागली. साहेब हँगरच्या दारात हात पुढे करून उभे होते. पास काढून दिला. पास नसलेल्या माणसाला आत एकट्याने फिरता येत नाही, म्हणून मला गेटपर्यंत सोडायला त्यांनाच जीप काढावी लागली.

"मागच्या रस्त्याने घ्या," मी म्हटलं.

त्यांनी डोळे वटारले, पण घेतली. "उद्यापासून सगळं पूर्वीसारखंच चालणार आहे, समजलं ना?"

पुढच्या वळणावर आमच्या समोर दुसरी टग आली, पाठीमागे भलंमोठं विमान. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, शपथ.

"हा इकडे कुठे तडमडला?" साहेबांनी हॉर्न वाजवला. टग येतच राहिली. त्यांनी पुन्हा वाजवला. मग जीप मागे घेत घेत गवतात उतरवली. विमानाचा पंख आमच्या टपावरून सरकत गेला. टगवाल्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हात चाकावर, नजर समोर ठेवून तो चालवत होता.